लेव्हल २ चे कार्ड मिळाले. आता प्रशिक्षकाशिवाय पाण्यात उतरावे का?

पाण्यातला_नवशिका

नमस्कार. काइटसर्फिंगच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभे राहून पाण्यावर सरकण्याच्या खेळाच्या, प्राथमिक अभ्यासक्रमाचे चार दिवस, म्हणजे एकूण अकरा तासांचे प्रशिक्षण, मी गेल्या महिन्यात पूर्ण केले आणि शेवटच्या दिवशी माझ्या नावावर आयकेओचे, म्हणजे इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशनचे, लेव्हल २ चे प्रमाणपत्र नोंदवले गेले. सध्या माझी मजल अशी आहे की उजवीकडे जाताना मी बोर्डवर उभा राहून पन्नास-साठ मीटर जातो, डावीकडे त्याच्या निम्मेच जातो, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहत जातो त्या दिशेला, इतका घसरलेलो असतो की काइट उतरवून, बोर्ड काखेत मारून किनाऱ्याने चालत परत यावे लागते.

पुढच्या महिन्यात मी एका नव्या ठिकाणी जाणार आहे. तेथील एका केंद्राने ‘कार्ड दाखवा, सामान भाड्याने देऊ’ असे कळवले आहे, तर दुसऱ्या केंद्राने लेव्हल ३ नसल्यास प्रशिक्षकाच्या देखरेखीशिवाय काइट देणार नाही असे स्पष्ट सांगितले आहे. एकाच कार्डाचे असे दोन अर्थ कसे होतात हे मला समजलेले नाही. शिवाय समोरून दुसरा काइटसर्फर आला तर वाट कोणी द्यायची हे वर्गात सांगितले होते, पण पाण्यात गेल्यावर ते सगळे डोक्यातून पुसले जाते. तिसरा प्रश्न असा, की पडल्यावर बोर्ड वारंवार हातचा जातो, तर तो लीशने, म्हणजे दोरीने, शरीराला बांधून ठेवण्यात काही गैर आहे का?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या दिवशी काइट उडवताना वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि काइट कडेवरून थेट डोक्यावरून पलीकडे गेली. मी बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरला, पाच-सहा पावले फरफटत गेलो आणि तोंडावर आपटलो. प्रशिक्षक माझ्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, मागून धरून ‘सोड, सोड’ असे ओरडत होते आणि ते मला ऐकूही येत होते, पण मुठी उघडल्या नाहीत. त्याच दिवशी सकाळी कोरड्या वाळूत उभे राहून मी हीच कृती आठ-दहा वेळा बिनचूक करून दाखवली होती. प्रमाणपत्रात या प्रसंगाची नोंद अर्थातच नाही, पण माझ्या मनातून तो जात नाही.

वारा_वाचक

आपण सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी लिहिली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तेथूनच करतो. मी गेली काही वर्षे हा खेळ शिकवतो आहे आणि आपल्यासारखे मुठी न उघडणारे विद्यार्थी मला दर आठवड्याला भेटतात, तेव्हा त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तोल जाताना हातात असेल ते घट्ट धरणे हा माणसाचा उपजत स्वभाव आहे, आणि काइटचा बार नेमका त्याच्या उलट वागतो. बार अंगाकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणल्या जातात, काइट वाऱ्याला अधिक आडवी होते आणि ओढ वाढते. बार सोडला की मागच्या दोऱ्यांना ढील मिळते आणि ओढ कमी होते. म्हणजे घाबरलेला माणूस स्वतःच्याच हाताने इंजिनाला जोर देत असतो. कोरड्या वाळूत, दोरीवर काहीही ओढ नसताना दाखवलेल्या कृतीने आपल्याला उत्तर पाठ आहे एवढेच सिद्ध होते. हात ते शिकला आहे की नाही, हे ओढ असतानाच कळते.

म्हणून माझ्याकडे ही कृती कमरेएवढ्या पाण्यात, काइट उडत असताना, पूर्वसूचना न देता करून घेतली जाते. विद्यार्थी दुसऱ्याच कामात गुंतलेला असताना मी त्याच्या खांद्यावर थाप मारतो. थाप पडताच त्याने पहिल्यांदा बार पूर्ण सोडायचा. तेवढ्याने ओढ थांबली नाही तर क्विक रिलीज, म्हणजे झटक्यात सुटणारी कडी, पुढे ढकलून चिकन लूप, म्हणजे बार हार्नेसला जोडणारे कडे, मोकळे करायचे, म्हणजे काइट एकाच दोरीवर लोंबकळत राहून तिचा जोर जातो. त्यानंतरही काइट ओढतच राहिली, किंवा दुसऱ्याच्या काइटमध्ये अडकली, तरच सेफ्टी लीश, म्हणजे काइटला आपल्याशी जोडून ठेवणारी ही शेवटची दोरी, सोडायची, कारण त्या क्षणापासून काइट कोणाच्याच ताब्यात राहत नाही आणि वाऱ्याखाली उभ्या असलेल्या माणसावर जाऊन पडू शकते. डोळे मिटून, दोन्ही हातांनी आलटून पालटून क्विक रिलीज सापडते का, हेही मी पाहतो, कारण पाण्याखाली गटांगळी खाताना खाली मान घालून बघायला सवड मिळत नाही.

आता पातळ्यांविषयी. आयकेओ ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि तिची पातळ्यांची रचना सर्वाधिक ठिकाणी ओळखली जाते. जर्मनीतील व्हीडीडब्ल्यूएस आणि ब्रिटनमधील बीकेएसए या संघटनांच्याही स्वतःच्या पद्धती आहेत. आयकेओच्या रचनेत पहिली पातळी ‘डिस्कव्हरी’ ही मुख्यतः किनाऱ्यावरच्या तयारीची, काइट हाताळण्याची आणि सुरक्षा-यंत्रणेची आहे. दुसरी ‘इंटरमीजिएट’ ही पाण्यातली आहे, ज्यात काइटच्या ओढीने शरीर पाण्यातून नेणे, पडलेली काइट पुन्हा उडवणे, बोर्डवर उभे राहणे आणि स्वतःची सुटका करणे हे येते. तिसरी ‘इंडिपेंडंट’, जिच्यात आपण वाऱ्याविरुद्ध वर चढून निघालेल्या जागी परत येऊ शकता. चौथी ‘ॲडव्हान्स्ड’ आपल्याला सध्या तरी विसरता येईल.

तिसऱ्या पातळीचे नाव ‘स्वतंत्र’ असे आहे, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ज्याला निघालेल्या जागी परत येता येत नाही, तो दर फेरीला थोडा थोडा अनोळखी जागेकडे सरकत असतो, आणि आज चालत येण्यासारखा किनारा आहे म्हणून उद्याही असेल असे नाही. वाऱ्याखाली खडक असतील, धक्का असेल किंवा नदीचे मुख असेल, तर घसरणे हाच अपघात ठरतो. लेव्हल ३ मागणारे केंद्र आडमुठेपणा करत नसून आपला किनारा ओळखून बोलत असण्याची शक्यता अधिक आहे. नुसत्या कार्डावर सामान देणाऱ्या केंद्राबद्दल माहिती नसताना मी बोलणार नाही, मात्र त्यांच्याकडे बचावाची बोट पाण्यात तयार असते का, आणि कार्ड पाहिल्यावर ते आपल्याला पाच मिनिटे प्रत्यक्ष काइट उडवायला लावतात का, एवढे त्यांना जरूर विचारावे.

कार्डावर न लिहिलेल्या गोष्टी मात्र माझ्या मते अधिक बोलक्या असतात. किती वाऱ्यात, किती मोठ्या काइटवर, सपाट पाण्यात की लाटांत, पाय टेकतात अशा जागी की खोल पाण्यात, हे कार्ड सांगत नाही. आपण १२ नॉट वाऱ्यात शिकला असाल आणि नव्या ठिकाणी १७ नॉट वारा असेल, तर आकडा फक्त पाचने वाढल्यासारखा वाटतो. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याच काइटची ओढ दुप्पट होते. १२ चे २४ नॉट झाले, म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटर, तर ती चौपट होते. काइट लहान घेण्यामागचे कारण हेच आहे, आणि झोताच्या वाऱ्यात सरासरीकडे न पाहता सर्वांत मोठ्या झोताकडे पाहून काइट निवडण्यामागचेही हेच.

टाके_सात

बोर्डच्या लीशविषयी थोडक्यात लिहितो. आपण पडतो तेव्हा काइट आपल्याला पुढे ओढत असते आणि बोर्ड पाण्यात रुतून मागे राहतो. लीश ताणली जाते, बोर्ड पाण्यातून सुटतो आणि नेमका ज्या दिशेला लीश बांधली आहे त्या दिशेला, म्हणजे आपल्या डोक्याकडे, उडत येतो. माझ्या कानामागे सात टाके पडले ते असेच, आणि बोर्ड येताना मला दिसलाही नव्हता. हेल्मेट होते, पण ते त्या दिवशी पिशवीत होते.

दोन_दोऱ्या_दूर

वरील अनुभवाला दुजोरा देऊन त्याची दुसरी बाजू मांडतो. लीश नको म्हणायचे असेल, तर बोर्ड परत मिळवण्याची रीत हाताशी हवी, आणि ती म्हणजे वाऱ्याच्या वरच्या दिशेने शरीर ओढत नेणे. काइट विंड विंडोच्या, म्हणजे आपल्यापुढे काइट उडू शकते त्या पट्ट्याच्या, कडेकडे, घड्याळाच्या भाषेत साडेदहाच्या किंवा दीडच्या जागी स्थिर ठेवायची, एक हात बारच्या मध्यावर, आणि दुसरा हात जायच्या दिशेला पाण्यात ताठ धरायचा, म्हणजे तो होडीच्या कण्यासारखे काम करतो आणि शरीर वाऱ्याखाली वाहून जाण्याऐवजी तिरके वर सरकते. काही वेळ एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असे नागमोडी जात राहिले की बोर्ड, जो स्वतः वाऱ्याखाली हळूहळू वाहत असतो, आपल्यापर्यंत येतो. नवशिके बहुधा थेट बोर्डकडेच बघत राहतात आणि त्यामुळे काइटही तिकडेच वळते. बोर्ड कोठे आहे हे एकदा पाहून ठेवावे आणि मग नजर काइटच्या वाटेवर ठेवावी.

आता वाट देण्याच्या नियमांकडे वळतो. हे नियम शिडाच्या होड्यांच्या नियमांतून आलेले आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोघांपैकी ज्याच्या उजव्या अंगावर वारा आहे, म्हणजे जो आपल्या उजव्या हाताच्या दिशेने, उजवा पाय पुढे ठेवून चालला आहे, त्याला प्राधान्य असते, आणि दुसऱ्याने वाट द्यायची असते. मी नवशिक्यांना एवढेच पाठ करायला सांगतो: ‘उजवा पाय पुढे, तर मार्ग माझा.’ मात्र प्राधान्य असलेल्याचेही एक कर्तव्य असते. त्याने आपली दिशा आणि वेग स्थिर ठेवायचा, कारण तोही वळवळू लागला तर समोरच्याने बाजूला व्हायचे तरी कोठे?

दोघे एकमेकांना ओलांडतात तेव्हा वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या माणसाने काइट उंच न्यायची आणि खालच्या बाजूच्या माणसाने खाली आणायची, म्हणजे दोघांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत. काइट कोठवर पोहोचते याचा अंदाज सुरुवातीला नसतो. दोऱ्याच २० ते २४ मीटरच्या असतात, त्यामुळे तीस मीटर अंतरावर असलेला माणूस डोळ्यांना दूर वाटला तरी त्याच्या आणि आपल्या काइटच्या दृष्टीने तो शेजारीच असतो. माझे नाव यावरूनच घेतले आहे. दोन दोऱ्यांइतके, म्हणजे पन्नासेक मीटर अंतर मी कायम राखतो. मागून गाठणाऱ्याने पुढच्याला धक्का न लावता बाजूने जायचे. किनाऱ्यावरून पाण्यात निघालेल्याला परत येणाऱ्यापेक्षा प्राधान्य असते, कारण किनाऱ्यावर काइट उडवत उभा असलेला माणूस सर्वांत असुरक्षित असतो आणि त्याला लवकरात लवकर पाण्यात जाऊ देणे सर्वांच्याच हिताचे असते. लाटेवर स्वार असलेल्यालाही प्राधान्य असते. पोहणारे आणि लहान मुले यांना तर कोणत्याही नियमाआधी प्राधान्य असते, हे सांगायला नको. उडी मारायची असल्यास वाऱ्याखाली ५० आणि वर ३० मीटर मोकळे हवेत, असा प्रचलित दंडक आहे. तो आपल्याला आज लागू नसला, तरी कोणी आपल्या डोक्यावरून उडी मारली तर तक्रार कशाच्या आधारावर करायची, हे माहीत असू द्यावे.

व्यवहारातली गोष्ट अशी की नवशिक्याने आपले प्राधान्य वसूल करण्याच्या फंदात पडू नये. मी पहिले सहा महिने सगळ्यांनाच वाट दिली.

जुनी_खोड

प्रमाणपत्रांविषयी जो आदराचा सूर येथे लागला आहे त्यात मी थोडा बेसूर काढतो, त्याबद्दल क्षमस्व. हे कार्ड म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना नव्हे. ते देणाऱ्या संस्था प्रशिक्षण विकणाऱ्याही असतात, आणि मी असे एक केंद्र पाहिले आहे, ज्याचे नाव घेणार नाही, जेथे वाऱ्याअभावी चार दिवसांपैकी दोन दिवस छताखाली गप्पा मारण्यात गेले आणि तरीही शेवटच्या संध्याकाळी सर्वांच्या हाती पातळी २ पडली. विद्यार्थ्याने पैसे मोजलेले असतात, त्याची सुट्टी संपत आलेली असते, आणि ‘आपण अजून तयार नाही’ हे वाक्य त्याला कोणालाच सांगायचे नसते.

मी शिकलो तेव्हा कार्डे नव्हती, पण काइटही वेगळ्या होत्या. फुगवता येणाऱ्या काइटचे पेटंट ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच बंधूंनी १९८४ साली घेतले आणि १९९७ मध्ये त्या ‘विपिका’ नावाने विक्रीस आल्या. पुढची काही वर्षे बाजारात असलेल्या सी आकाराच्या काइटचा बार सोडला तरी ओढ पुरती जात नसे. ब्रुनो यांच्याच रचनेच्या ‘बो’ काइट २००५ च्या सुमारास आल्या, तेव्हा कोठे बार सोडल्यावर जोर जवळजवळ पूर्ण जाऊ लागला. म्हणजे ज्या शिस्तीविषयी वारा_वाचक लिहीत आहेत, ती शिस्त यंत्राने शक्य केली आहे. त्यामुळे धागाकर्त्यांना माझा सल्ला असा, की स्वस्तात मिळते म्हणून त्या काळातले जुने सामान घेऊ नये. कार्ड लेव्हल ४ चे असले तरी ते सामान आपल्याला लेव्हल ० वर आणून सोडेल.

आणखी एक. अपघात पाण्यात होतात ही समजूत काढून टाकावी. पाणी मऊ असते. मी पाहिलेले वाईट अपघात किनाऱ्यावर, काइट उडवताना किंवा उतरवताना झाले, आणि त्यांतील बहुतेकांत काइट बारा वाजताच्या जागी, म्हणजे थेट डोक्यावर धरून माणूस गप्पा मारत उभा होता. तेथे झोत आला की तो माणसाला आडवे ओढत नाही, उचलतो.

वारा_वाचक

जुनी_खोड यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी वाद घालू शकत नाही, कारण मीही असे विद्यार्थी पाहिले आहेत आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवले आहे. माझे म्हणणे इतकेच, की पातळ्यांच्या यादीचा खरा उपयोग केंद्राला नसून विद्यार्थ्याला आहे. यादीतील प्रत्येक कृतीपुढे ‘मी हे शेवटचे कधी केले, आणि कोणाच्या मदतीशिवाय केले का’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. धागाकर्त्यांनी हे लिहिले तर खोल पाण्यातील स्वतःची सुटका या ओळीपुढे बहुधा रिकामी जागा राहील. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

ही कृती पुस्तकात तीन ओळींत संपते आणि पाण्यात बराच वेळ खाते. क्विक रिलीज सोडल्यावर काइट वाऱ्याखाली लोळत राहते. मग सेफ्टीची दोरी हातावर हात टाकत ओढत बारपर्यंत यायचे आणि ती एकटीच दोरी बारला गुंडाळायला घ्यायची. काइटमध्ये पुन्हा वारा भरणार नाही इतकी ती आत आल्यावरच बाकीच्या दोऱ्या एकत्र गुंडाळायच्या. घाईने सगळ्या एकदम गुंडाळल्या तर काइट अचानक उठू शकते. दोरीचा वेढा बोट, मनगट किंवा पायाभोवती कदापि पडू द्यायचा नाही, कारण ओढ आली की ती बारीक दोरी सुरीसारखी चालते. हार्नेसला लहान वक्र सुरी अडकवलेली असते ती याच प्रसंगासाठी. गुंडाळी संपली की एक-दोन गाठी मारायच्या, काइटपाशी पोहोचायचे, ती उलटी करून तिची टोके एकमेकांकडे ओढायची, आणि तिचे शीड करून किनाऱ्याकडे यायचे. पुढच्या मोठ्या नळीतली हवा सोडायची नाही, कारण आता तीच आपली होडी आहे.

वारा किनाऱ्याला समांतर किंवा तिरका आत येणारा असेल तरच हे शीड आपल्याला घरी आणते. वारा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा असेल, तर तेच शीड आपल्याला आणखी आत नेते. सरळ किनाऱ्यावर येणाऱ्या वाऱ्यात उलट अडचण असते, चूक सुधारायला जागाच नसते आणि मागे झाडे, तारा, रस्ता असतो. मतलई वाऱ्यात बचावाची बोट नसेल तर उतरायचे नाही, या बाबतीत मी कोणाचेही कौशल्य विचारात घेत नाही, माझे स्वतःचेही नाही.

पाण्यातला_नवशिका

सर्वांचे मनापासून आभार. वारा_वाचक यांचा अंदाज बरोबर आहे. स्वतःची सुटका मी छातीएवढ्या पाण्यात, प्रशिक्षकाने काइट एका बाजूने धरलेली असताना केली होती.

एक उपप्रश्न विचारतो. भाड्याच्या सामानावरील क्विक रिलीज माझ्या सरावाच्या यंत्रणेपेक्षा वेगळी असू शकते. ती सुरक्षित आहे का हे मी कसे ओळखावे? आणि काइट उडवण्यास मदत करणारा माणूस अनोळखी असेल तर काय करावे?

दोन_दोऱ्या_दूर

रिलीजच्या यंत्रणेसाठी आता आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ २१८५३ हे २०२० साली प्रसिद्ध झाले आणि त्यात या यंत्रणेच्या सुरक्षिततेच्या अपेक्षा आणि चाचण्यांच्या पद्धती ठरवून दिल्या आहेत. बार त्या मानकाप्रमाणे आहे का हे विचारावे, पण तेवढ्यावर थांबू नये. भाड्याच्या सामानात वाळू आणि मिठाचा थर बसलेला असतो. किनाऱ्यावर काइट जोडण्याआधी चिकन लूप हार्नेसला अडकवून कोणाला तरी बार जोरात ओढून धरायला सांगावे आणि त्या ओढीखाली एका हाताने रिलीज सोडून पाहावी. अडली, किंवा दोन हात लागले, तर दुसरा बार मागावा. मग ती स्वतःच पुन्हा जोडावी, आणि हे दोनदा करावे. पुन्हा जोडता येत नसेल तर पाण्यात सोडल्यावरही जोडता येणार नाही.

अनोळखी मदतनीसाला काही माहीत नाही असे गृहीत धरूनच बोलावे. काइट पुढच्या नळीच्या मध्यावर धरायची, फेकायची नाही, नुसती सोडायची, आणि सोडल्यावर वाऱ्याखाली धावायचे नाही, एवढे त्याला सांगावे. अंगठा वर म्हणजे ‘सोडा’, आणि तळहाताने डोक्यावर थापटणे म्हणजे ‘उतरवायची आहे’, हे दोन्ही त्याच्याकडून एकदा करून घ्यावे. अंगठा दाखवण्यापूर्वी बारपासून काइटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक दोरी डोळ्यांनी तपासावी. डाव्या-उजव्या दोऱ्यांची अदलाबदल झाली असेल तर काइट उडताच उलटी वागते, आणि तो क्षण विचार करायचा नसतो. सेफ्टी लीश तर सगळ्यांत आधी अडकवायची. काइट वर जाताना ती पाण्याच्या बाजूने न्यावी, म्हणजे काही बिघडले तरी आपण पाण्याकडे ओढले जाऊ.

ढगांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून एक ओळ जोडतो. क्षितिजावर उंच, तळाशी काळा पडलेला ढग दिसला आणि वारा अचानक पडला, तर तो विश्रांतीचा काळ नसतो. काइट लगेच उतरवून, पुढच्या नळीवर पालथी घालून तिच्यावर वाळू टाकावी, आणि ढग निघून जाईपर्यंत उचलू नये.

टाके_सात

आणि हेल्मेट डोक्यावर.

पाण्यातला_नवशिका

उशिरा लिहितो आहे. नव्या ठिकाणी मी लेव्हल ३ मागणाऱ्या केंद्रातच गेलो आणि पहिले दोन दिवस देखरेखीखाली घेतले. पहिल्या दिवशी पाय टेकत नाहीत अशा पाण्यात, बचावाची बोट पन्नास मीटरवर थांबवून, स्वतःची सुटका करून पाहिली. किनाऱ्याला लागायला चोवीस मिनिटे लागली, त्यातली निम्मी दोऱ्या गुंडाळण्यात गेली, कारण पहिल्यांदा मी सगळ्या दोऱ्या एकदम गुंडाळायला घेतल्या आणि काइटने मला एक चांगलाच झटका दिला. बोटीतल्या प्रशिक्षिका काही बोलल्या नाहीत, त्यांनी हाताचे नुसते एक बोट वर करून दाखवले, म्हणजे एकच दोरी आधी.

दुसऱ्या दिवशी मी डावीकडे जाण्याचा सराव करत असताना त्यांनी शिट्टी वाजवली. काइट खाली पडली तेव्हा बार माझ्यापासून हातभर लांब तरंगत होता आणि माझे दोन्ही हात मोकळे होते. ते कधी उघडले हे मला आठवत नाही. वाऱ्यावर चढणे मात्र अजून जमलेले नाही, त्यामुळे कार्डावर आजही लेव्हल २ च आहे आणि पुढच्या आठवड्याचे दोन तास मी देखरेखीखालीच नोंदवले आहेत.